ओल, त्वचा आणि मलमाची परीक्षा

अंथरुणाला खिळलेल्या आईची शुश्रूषा करणाऱ्या लेकीपुढचा प्रश्न साधा असतो: डायपरखालची हुळहुळी झालेली त्वचा उद्यापर्यंत शाबूत राहील का? औषधांच्या दुकानात बॅरिअर क्रीमच्या ट्यूबा पुष्कळ मिळतात. त्यांतली कोणती खरी राखण करते, हे मात्र वेष्टनावरून कळत नाही.

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर बहुतेक ठिकाणी जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा असतो. मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि त्यांच्या सांध्यांत स्निग्ध पदार्थांचा चुना. ओल सतत राहिली की विटा फुगतात, सांधे सैल होतात. त्यात मूत्रातील युरियापासून अमोनिया तयार होतो, त्वचेची नैसर्गिक आम्लता घटते आणि मलातील विकरांना वाट मोकळी होते.

मलमाची परीक्षा सहसा निरोगी स्वयंसेवकांच्या हातावर घेतली जाते. एका चौकोनावर मलम लावतात, दुसरा उघडा ठेवतात. दोन्ही पाण्याने किंवा सोडिअम लॉरिल सल्फेटच्या द्रावणाने भिजवतात. मग त्वचेतून दर चौरस मीटरमागे तासाला किती ग्रॅम पाणी उडून जाते, हे मोजतात. तटबंदी ढासळली, की हा आकडा चढतो.

मात्र हाच आकडा फसवूही शकतो. पेट्रोलियम जेलीचा थर स्वतःच झाकणासारखा बसतो. तो न पुसता मोजले तर खालची त्वचा बिघडलेली असूनही आकडा उत्तम येईल. उलट, भिजलेली त्वचा सुकण्याआधी मोजले तर साठलेले पाणीच मोजले जाईल. शिवाय तरुण, धडधाकट हातावरचे काही तास म्हणजे वृद्ध, घर्षण सोसणाऱ्या त्वचेवरचे काही महिने नव्हेत.

२०१६ मध्ये कॉक्रेन समूहाने प्रौढांतील अशा त्वचादाहावरील १३ चाचण्यांचा आढावा घेतला. त्यांत सहभागी होते १,३१६. निर्विवाद विजेते मलम त्यातून पुढे आले नाही. पण साबण-पाण्यापेक्षा सौम्य स्वच्छता आणि त्वचेवर राहू देण्याचे मलम अधिक उपयुक्त दिसले.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठी ओलांडलेले १० कोटींहून अधिक लोक होते. त्यांच्यासाठी आणखी एक अडचण आहे. त्वचा बिघडल्याची खूण म्हणून अनेकदा लाली पाहिली जाते, आणि सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. केवळ डोळ्यांवर विसंबणारी चाचणी तिथे इजेलाच निरोगीपणा समजेल. म्हणून उपकरणाचे वाचन हवे, स्पर्शाला जाणवणारी ऊब आणि कठीणपणा हवा, रुग्णाने सांगितलेली आग हवी.

‘चाचणीत सिद्ध’ हे शब्द वाचताना विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत: कोणाच्या त्वचेवर, कोणत्या ओलीत आणि किती काळ? या तिन्हींची उत्तरे मिळाली, तरच ट्यूबवरच्या दाव्याला वजन येते.