कपातीचा क्रम

दूध संकलनाचे प्रोग्राम लिहिणाऱ्याला एसएनएफचं, म्हणजे दुधातल्या फॅट सोडून बाकीच्या घन घटकांचं, सूत्र झोपेतही आठवतं: लॅक्टोमीटरच्या आकड्याचा चतुर्थांश, फॅटचा ठरावीक हिस्सा आणि एक स्थिरांक. एका ओळीचं काम. तरी ती ओळ मी पहिल्या दिवसापासून स्वतंत्र मॉड्यूलमध्ये ठेवतो. कुठे स्थिरांक ०.३६ धरतात, कुठे ०.४४, तेवढ्यानं दरपत्रकातला रकाना सरकतो आणि उत्पादक काउंटरवर भांडायला येतो. स्लिप छापणारा कोड मात्र लांबलचक आणि कुरूप आहे, एकाच फाइलमध्ये सुखानं पडून आहे. त्यात बदल करा असं कुणी म्हणत नाही.

बदलण्याजोगा निर्णय मॉड्यूलच्या पोटात लपवा, हे डेव्हिड पार्नास यांनी १९७२ सालीच लिहून ठेवलंय. नवख्यांना हे मी जरा ऐटीतच सांगतो. यंदा हाताखाली आलेल्या मुलीनं ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सर, कपात बिलातच का ठेवलीये?"

तिथेच माझं घोडं अडलेलं आहे. दहा दिवसांच्या बिलातून पशुखाद्याची उधारी आणि उचलीचा हप्ता वळता होतो. बिल पुरलं नाही तर आधी काय कापायचं, हे संचालक मंडळ ठरवतं आणि मंडळ पाच वर्षांनी बदलतं. पार्नास यांच्या कसोटीला याहून चांगलं गिऱ्हाईक नाही. पण कपातीला बिल हवं, उधारी हवी, मागची बाकी हवी. शिवाय जे कापलं गेलं नाही ते पुढच्या बिलात ओढायचं, म्हणजे खात्यांत लिहायचंही आलं. इतक्या गोष्टींची ये-जा असलेल्या मॉड्यूलनं लपवलं काय?

ती म्हणाली, "खाती राहू देत. फक्त क्रम बाहेर काढू. शिल्लक आणि देण्यांची यादी आत द्यायची, कशातून किती कापायचं ते बाहेर घ्यायचं." कापण्याची जागा अचूक होती. ती मला आधी दिसली नाही याचा राग आला, आणि त्या रागातच मी हरकती काढल्या. एखाद्या मंडळानं दिवाळीच्या बिलातून उचल कापू नका म्हटलं तर? तारीख आत द्यावी लागेल. अमुक टक्क्यांहून जास्त कापू नका म्हटलं तर? एकूण बिलही आलं. दर सवलतीमागे इंटरफेस एकेका गोष्टीनं फुगणार. हरकती रागातून निघाल्या तरी खोट्या नव्हत्या.

हल्ली शहरातली मंडळी एका संगणकावर चालणाऱ्या दूध संस्थेलाही प्रोग्रामचे तुकडे पाडून पाच-सहा सर्व्हिस करून देतात. नकाशा देखणा दिसतो. सचिवाला मात्र सकाळचं संकलन बंद पडलं की कुठल्या तुकड्यात बिघाड आहे हेच कळत नाही. मलाही देखणे नकाशे आवडतात, ते काढून दाखवायला तर फारच.

एसएनएफच्या बाबतीत वेगवेगळे स्थिरांक धरणारे पहिल्या दिवशीच माहीत होते. कपातीच्या बाबतीत फक्त शक्यता आहे. शक्यतेसाठी मी इंटरफेस ठरवत नाही, कारण चुकीचा ठरलेला इंटरफेस सोडवायला गुंतलेल्या कोडपेक्षा जास्त वेळ खातो. आमच्याकडच्या सगळ्या संस्था आज आधी पशुखाद्य, मग उचल अशाच कापतात. पहिली वेगळी मागणी येईल त्या दिवशी त्या मुलीच्याच पद्धतीनं कोड कापू. तोवर कपात बिलातच राहील.