वैमानिकाची झोप

डिसेंबर 2025चा पहिला आठवडा. इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. 5 तारखेला तर एकाच दिवसात हजाराहून जास्त. विमानतळांवर बॅगांचे ढीग, फरशीवर झोपलेली मुलं, लग्नाला निघून वाटेतच अडकलेली कुटुंबं. लोकांचा संताप रास्त होता. पण त्यात एक सूर वारंवार कानावर येत होता, तो मला फार लागला: पायलटांना आराम हवा म्हणून आमचे हाल.

*

वैमानिकांच्या विश्रांतीचे हे नवे नियम काय होते? आठवड्याची सलग विश्रांती 36 ऐवजी 48 तास. रात्र धरायची ती पहाटे 5 ऐवजी 6 पर्यंत. रात्रीच्या ड्यूटीत सहाऐवजी दोनच लँडिंग. ज्यांनी कारखान्यात तिसरी पाळी केली आहे त्यांनी सांगावं, यात चैन कुठली?

*

हे नियम जानेवारी 2024 मध्ये जाहीर झाले. कंपन्यांनी विरोध केला, अंमलबजावणी लांबली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी जुलै व नोव्हेंबर 2025 असे दोन टप्पे ठरले. म्हणजे तयारीला जवळजवळ दोन वर्षं मिळाली. देशांतर्गत प्रवाशांपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त जिच्या विमानांत बसतात, त्या कंपनीने तेवढ्या काळात पुरेसे वैमानिक उभे केले नाहीत. मग हवाई वाहतुकीची नियामक संस्था डीजीसीएने तिला रात्रीच्या अटींतून 10 फेब्रुवारीपर्यंत सूट दिली. अडकलेल्या माणसांना घरी पोचवणं भाग होतं, हे मान्य. तरीही नियोजन चुकलं कंपनीचं आणि कात्री लागली झोपेला. हा निर्णय मला पटलेला नाही.

*

मंगळूर, 22 मे 2010. दुबईहून रात्री उडून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान सकाळी सहाच्या सुमारास उतरत होतं. वाटेत कॅप्टन बराच वेळ झोपले होते. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात घोरणं ऐकू येतं. उतरताना विमान हवं त्यापेक्षा फार उंचावर होतं. सहवैमानिकाने तीनदा सुचवलं, गो-अराउंड, म्हणजे उतरू नका, पुन्हा वर घ्या. यंत्रंही इशारे देत राहिली. अर्ध्याहून जास्त धावपट्टी मागे पडल्यावर चाकं टेकली, आणि पठारावरची ती धावपट्टी संपताच विमान खाली दरीत गेलं. 158 माणसं गेली, आठ वाचली. गाढ झोपेतून उठल्यावर काही काळ निर्णयशक्ती मंद असते. चौकशी अहवालाने ही बाबही नोंदवली आहे. माणूस जागा दिसतो, पण पुरता जागा नसतो. डिसेंबरच्या वादात मंगळूरची आठवण फारशी कुणी काढली नाही, याचं वाईट वाटतं.

*

उतरता उतरता विमान पुन्हा वर गेलं की केबिनमध्ये कुरकुर सुरू होते. वीस मिनिटं गेली म्हणून. खरं तर त्या क्षणी पुढे बसलेल्या दोघांचे आभार मानावेत.

*

पहाटे साडेपाचचं तिकीट आपण आनंदाने काढतो. दिवस वाचतो, बहुतेक वेळा पैसेही. ते विमान नेणारा माणूस दोनच्या आसपास उठलेला असतो. लागोपाठ अशा पहाटा आल्या तर काय होतं, हे प्रवाशाला तिकिटावरून कळत नाही. रोस्टर करणाऱ्याला मात्र नेमकं माहीत असतं.

*

काउंटरवरच्या पोरापोरींवर ओरडू नये. विमान कधी सुटणार हे त्यांनाही वरून कळवलेलं नसतं.

*

ओरडण्यापेक्षा हे लक्षात ठेवावं. वेळेवर न कळवता उड्डाण रद्द केलं, तर पैसे परत किंवा दुसरं विमान, हा प्रवाशाचा हक्क आहे. शिवाय उड्डाणाच्या कालावधीनुसार 5,000 ते 10,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. धुकं, वादळ, संप अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणं असतील तर ती मिळत नाही. वैमानिक कमी पडणं त्या कारणांत बसवू देऊ नये. अर्ज लेखी करावा, आणि रद्द झाल्याचा मेसेज जपून ठेवावा.