सूर्याचे नातू

गेल्या सुगीनंतर आमच्या गावी हेळवी आला. पूर्वी तो बैलावर बसून येई. आता मोटारसायकलवरून येतो, पण काखेतली चोपडी तीच. आजोबांनी घोंगडे अंथरले, पायलीभर जोंधळे पुढे ठेवले आणि हेळव्याने आमचे कूळ वाचायला घेतले. आठ पिढ्या झाल्या आणि तो एकदम सूर्यवंशात शिरला! मला हसू आवरेना.

"हसू नगंस. कुळाची वही हाय ती," आजोबा गंभीरपणे म्हणाले.

मी इतिहासाचा विद्यार्थी. सुट्टीत वाचायला चोळांवरचे पुस्तक आणले होते आणि तेथेही हाच प्रकार! राजेंद्र चोळाच्या तिरुवालंगाडू ताम्रपटाचे पत्रे ३१. त्यांत सूर्य, मनू, इक्ष्वाकू, शिबी, भरत अशी माळ ओवली आहे. भरताचा पुत्र चोळ, त्याच्यावरून कुळाला नाव पडले म्हणे. पण हा ताम्रपट अकराव्या शतकातला. त्याआधी सुमारे तेराशे वर्षे अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात 'चोड' येतात, ते केवळ सीमेपलीकडचे शेजारी म्हणून. तेथे सूर्य नाही, भरत नाही. म्हणजे नाव आधी, आजोबा मागाहून!

चोळांची इतर तमिळ नावे तर मातीतलीच. 'वळवन्' हे 'वळम्' म्हणजे सुपीकता यावरून. कावेरीच्या सुपीक खोऱ्याचा धनी तो वळवन्. 'किळ्ळि' या नावाचा संबंध काही अभ्यासक खणण्याशी लावतात. मग 'सेंबियन', म्हणजे शिबीचा वंशज, हे बिरुद कशाला हवे होते?

रात्री हेळवी मुक्कामाला होता. जेवणे झाल्यावर मी त्याला आणि आजोबांना शिबीची गोष्ट सांगितली. कबुतरासाठी स्वतःचे मांस कापून देणारा तो राजा. मग मनुनीती चोळाची सांगितली. राजपुत्राच्या रथाखाली वासरू मेले, गाईने न्यायाची घंटा ओढली आणि राजाने पोटच्या पोरावर रथ घातला.

"असला पूर्वज सांगायचा म्हंजे जोखीमच की," आजोबा म्हणाले. "उद्या रयत त्याच मापानं मोजणार."

मी गप्प झालो. हे पुस्तकात नव्हते. तंजावरचे मंदिर आठवले. राजराजाने बांधलेल्या त्या मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली सरफोजीराजांनी भोसल्यांचा वंशेतिहास मराठीत कोरवून घेतला. राज्याची सत्ता इंग्रजांकडे गेली होती. कुळाची कथा तेवढी हाती उरली होती.

इतक्यात आजीने चुलीपासून विचारले, "त्या वहीत माझं नाव हाय का रं?"

हेळवी चाचरला. "आई, आमच्या वहीत बायकांची नावं नसत्यात."

दहाव्या शतकात कावेरीकाठची विटांची जुनी देवळे दगडात बांधवणारी चोळांची राणी मला आठवली. तिला आपण ओळखतो ते 'सेंबियन महादेवी' म्हणून. शिबीच्या कुळाची थोरली राणी! तिच्या नावातही कूळ सासरचेच.

आजी पुन्हा फुंकणी घेऊन जाळाकडे वळली. पन्नास वर्षे या घराला भाकरी घालणाऱ्या बाईला चोपडीत ओळ नव्हती आणि सूर्याला मात्र होती. दुपारी मी हसलो ते भलत्याच गोष्टीला.

आजोबा उठले. कणगीतून आणखी एक पायली जोंधळे काढून त्यांनी हेळव्यापुढे ओतले.

"लिव्ह," ते म्हणाले.