परतीची वारी



आषाढीला पंढरीची वाट चालणारे लाखो असतात. परतीच्या वाटेवर किती असतात, हे तुम्ही कधी पाहिले आहे का? पौर्णिमेला गोपाळपुरात काला झाला की एसटीचा तळ माणसांनी फुलून जातो आणि ज्याला जी गाडी मिळेल तिने तो घर गाठतो. माउलींची पालखी मात्र आली तशी पायीच मागे फिरते. जाताना अठरा-एकोणीस दिवसांची वाट, येताना दहा-अकरा दिवसांत उरकायची. ना कमानी, ना रिंगण, ना फोटो काढणारे. पाऊस, चिखल आणि मोजकी माणसे. आमचे गुरुजी म्हणायचे, वारकरी पारखायचा तर परतीच्या वाटेवर पारखावा. जाताना पांडुरंग ओढतो, येताना आपले आपल्याला चालावे लागते.

मी ती परतीची वारी सात वेळा चाललो. तिचा अर्थ मात्र यंदा माघात कळला, आणि तोही विमानातून उतरल्यावर.

माझा मुलगा मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून गेली पाच वर्षे पुण्यात दोन मित्रांबरोबर एक स्टार्टअप चालवतो. स्टार्टअप म्हणजे काय, हे मला त्यानेच सांगितले. सात माणसे, दोन खोल्या, खाली पिठाची गिरणी. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर शेतकऱ्याने किती लिटर दूध घातले, फॅट किती, दर काय लागला, याचा हिशोब मोबाईलवर ठेवायचा, हे त्यांचे काम. पाच वर्षांत त्याने चार दिवसांची सुट्टी कधी घेतली नव्हती. शेवटी नातीने हट्ट धरला आणि माघी वारी करून मी घरी आलो तेव्हा मॉरिशसची तिकिटे काढून झाली होती. तिकिटांत माझेही एक होते. मी नको म्हणालो, तर सूनबाई म्हणाली, "अण्णा, तिथे महाशिवरात्रीला लोक पायी वारी करतात. तुम्ही नाही बघायची तर कोणी?" मी निघालो.

मुंबईहून सहा-एक तासांत आपण हिंदी महासागरातल्या त्या बेटावर उतरतो. घड्याळ दीड तास मागे घ्यावे लागते. चोहीकडे ऊस. क्षणभर वाटले, फलटण-माळशिरसच्याच बाजूला आलो. पण या उसामागे मोठे दुःख आहे. पोर्ट लुई बंदरात आप्रवासी घाट नावाची जागा आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून आलेले मजूर तिथे उतरले, आणि पुढे १९२० पर्यंत सुमारे पाच लाख माणसे करारावर या घाटातून गेली. कोणी याच बेटावर उसात राबले, कोणाला आणखी पुढच्या मुलखांत पाठवले. त्यांत आपल्या कोकणातली माणसेही होती. धक्क्यावरून वर चढायला दगडाच्या सोळा पायऱ्या आहेत. युनेस्कोने २००६ साली ती जागा जागतिक वारशात घेतली. मी त्या पायऱ्यांना हात लावून नमस्कार केला. पाच वर्षांचा करार संपला की परत जाऊ, असे म्हणत किती जण त्या चढले असतील! काही परतले, पुष्कळांना परतीची वारी घडलीच नाही. मग त्यांनी देवच तिकडे नेला. आज त्या देशात गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

घाटाबाहेर एक म्हातारी बाई भेटली. माझ्या कपाळाचा गोपीचंदनाचा टिळा आणि गळ्यातली माळ पाहून थांबली. तिची बोली क्रिओल, आमच्या काही कानावर पडेना. तिने छातीवर हात ठेवला, म्हणाली, "मराठी." एवढा एकच शब्द. मी तिच्या पाया पडलो, तीही माझ्या पाया पडली. सहा-सात पिढ्या झाल्या असतील, पण तेवढे उरले आहे.

दुसऱ्या दिवशी विजया एकादशी होती. हॉटेलात फळे होती, सूनबाईने राजगिऱ्याचे लाडू आणले होते, उपवासाची अडचण नव्हती. रात्री जागर. तोंडातल्या तोंडात हरिपाठ झाला, टाळ मुद्दाम वाजवला नाही, शेजारी लोक झोपलेले. दोनच्या सुमाराला पाणी प्यायला उठलो तर बाहेर सज्जात उजेड. मुलगा मांडीवर संगणक घेऊन बसला होता. कानाला फोन.

संध्याकाळपासूनच हे चालू होते. समुद्रावर नात वाळूचा गाभारा करत होती आणि बाबाला हाका मारत होती. बाबा माडाखाली उभा राहून फोनवर. ती दमून झोपली तरी याचे बोलणे संपले नव्हते. मला राग आला. मी सज्जात गेलो आणि म्हणालो, "पंढरीत येऊन चंद्रभागेत पाय न बुडवणारा तू. पोरीसाठी आलास ना? मग कोणाची चाकरी करतो आहेस?"

त्याने मान वर केली. आवाज चढवला नाही. म्हणाला, "अण्णा, इथे चार वाजले की तिकडे साडेपाच होतात. केंद्रे उघडतात. कालपासून नोंदी चुकीच्या पडताहेत, आणि उद्या दहा दिवसांचे बिल निघायचे आहे. कोणा बाईच्या दोन म्हशींच्या दुधाचे पैसे अडकतील. हे कुठे बिघडले ते मलाच माहीत आहे."

मी म्हणालो, "सबबी सगळ्यांना असतात."

तेव्हा तो जे बोलला ते मी इथे लिहितो आहे. लिहू नये असे आठ दिवस वाटत होते. तो म्हणाला, "मी सातवीत असताना मला कावीळ झाली होती. आईने तुम्हाला निरोप धाडला. तुम्ही सप्त्यात होतात. काल्याचे कीर्तन करून नवव्या दिवशी आलात. पुढच्या महिन्यात गावच्या देवळात तुम्ही गोरोबाकाकांचे चरित्र लावलेत. सगळे रडत होते. मी मृदंगवाल्यांच्या मागे बसलो होतो. विठ्ठलाने मूल परत दिले म्हणालात, तेव्हा टाळ्या झाल्या. मला एवढेच वाटत होते की ते पोर परत आल्यावर बापाजवळ गेले असेल का?"

माउली, मी पन्नास वर्षे कीर्तन केले. तेरच्या गोरोबांचे चरित्र किती वेळा सांगितले, त्याची मोजदाद नाही. चिखल तुडवताना देहभान हरपले, पायाखाली लेकरू आले, हे सांगताना माझा आवाज कापायचा आणि श्रोते पदराने डोळे पुसायचे. या सगळ्या वर्षांत त्या लेकराच्या बाजूने मी एकदाही उभा राहिलो नाही. आणि माझ्याच कीर्तनात ते लेकरू मृदंगामागे बसलेले होते.

गोरोबांची तल्लीनता खरी होती, यात मला तिळमात्र शंका नाही. शंका माझ्याबद्दल आहे. त्या सप्त्यात माझ्या जागी उभे राहणारे दोन कीर्तनकार तेव्हा मंडपातच होते. मी कोणाला विचारले नाही. काल्याचे कीर्तन माझे, या मानाचा मला मोह होता, आणि त्याला मी सेवा म्हणत होतो.

मी काही बोललो नाही. आत येऊन बसलो. चारला पाच मिनिटे असताना त्याचे काम झाले. तोही आत आला आणि नातीच्या पायाशी आडवा झाला. एकाच खोलीत दोन जागर झाले होते. कोणाचा देवाला पोचला, ते मी ठरवू शकत नाही.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी आम्ही गंगा तलावाला गेलो. डोंगरातल्या त्या तळ्याकडे पहिली पायी यात्रा १८९८ साली निघाली, आणि १९७२ साली त्यात गंगेचे पाणी आणून मिसळले, तेव्हापासून हे नाव. बेटाच्या कानाकोपऱ्यातून माणसे चालत येतात. पांढरे कपडे, खांद्यावर सजवलेल्या कावडी. वाटेवर जागोजाग लोक मांडव घालून सरबत, फळे, जेवण देतात, कोणी पैसा घेत नाही. मला तर दिवेघाट चढून सासवडला आल्यासारखे झाले. मुलाने त्या दिवशी फोन हॉटेलात ठेवला आणि नातीला खांद्यावर घेऊन तो आमच्याबरोबर तीन-चार किलोमीटर चालला. मात्र दर थोड्या वेळाने त्याचा हात रिकाम्या खिशाकडे जात होता. ते पाहून मला राग आला नाही. वाईट वाटले.

घरी आलो. सोमवारी सकाळी तो कामावर निघाला. आठ दिवसांच्या सुट्टीनंतर कामावर जाणाऱ्या माणसाचा चेहरा तुम्ही पाहिला असेल. ती परतीची वारीच असते. मागे कोणी पताका नाचवत नाही. मी म्हणालो, "मी येऊ का रे तुझ्या ऑफिसात?" त्याला आश्चर्य वाटले, पण नेले.

गिरणीच्या पिठाचा वास जिन्यापर्यंत येत होता. वर सात टेबले. सोलापूरकडची एक पोरगी होती, जेमतेम पंचविशीची. त्या दोन्ही रात्री तिकडून फोनवर तीच जागत होती. तिने मला चहा दिला. मी विचारले, "बाळ, ते बिघडलेले तुला का दुरुस्त करता आले नाही?" ती म्हणाली, "आजोबा, ते सरांच्या डोक्यात आहे. कुठे लिहिलेले नाही." मुलगा हसला, पण त्याच्या लक्षात आले.

मग मी त्या सात जणांना सप्त्यातल्या वीण्याची गोष्ट सांगितली. तुम्हाला ती नवी नाही. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. पण म्हणून एकच माणूस सात दिवस उभा राहत नाही. पहारे लावलेले असतात, कोणाचा केव्हा ते आधी ठरलेले असते. पहाऱ्याची वेळ झाली की दुसरा येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. नाद तुटत नाही. उतरलेला वारकरी जाऊन जेवतो, झोपतो, लेकराला घेतो. त्याने वीणा सोडली असे कोणी म्हणत नाही. जो मात्र वीणा दुसऱ्याला देतच नाही, त्याला आपण भक्त म्हणतो, पण बहुतेक वेळा तो वीण्याला नव्हे, स्वतःलाच धरून असतो. हे मी त्यांना सांगितले, आणि सांगताना माझ्या मनात तो काल्याचा मंडप होता.

माउलींनी स्वकर्माला फुलांची उपमा दिली आहे. आपले विहित काम हीच सर्वात्मक ईश्वराची पूजा. दोन म्हशींवाल्या बाईचे बिल वेळेवर निघावे म्हणून रात्र जागणे, ही पूजाच आहे. मी तिला चाकरी म्हणालो, ते माझे चुकले. पण फूल वाहायचे असते. मुठीत आवळून ठेवले तर कुस्करते, देवालाही मिळत नाही आणि घरालाही नाही.

संध्याकाळी आम्ही दोघेच घरी परतत होतो. दारात चपला काढताना मी वाकलो आणि त्याच्या पायाला हात लावला. तो दचकून मागे सरला, "अण्णा, हे काय!" मी म्हणालो, "वीणा देताना दोघांनीही पाया पडायचे असते. मी त्या वेळी द्यायला हवी होती, दिली नाही. ते नऊ दिवस मला तुला परत देता येत नाहीत." तो काही बोलला नाही. खाली बसला आणि त्यानेही माझ्या पायावर डोके ठेवले, ते बराच वेळ उचलले नाही. नात आतून विचारत होती, दोघे दारात काय शोधताय?

आता दोन महिने झाले. त्या पोरीने आणि मुलाने मिळून एक वही सुरू केली आहे, डोक्यातले कागदावर उतरते आहे. रविवारी फोन आळीपाळीने एकेकाकडे असतो. सगळे सुधारले असे नाही. परवाच जेवताना तो दोनदा ताटावरून उठला. तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले आणि नातीच्या पानात भात वाढला.

वाचक माउली, तुमच्याही घरात कोणी वीणा गळ्यात घेऊन अवघडलेला असेल. तो शेतात असेल, दुकानात असेल, परदेशात संगणकापुढे असेल, किंवा माझ्यासारखा नारदाच्या गादीवर उभा असेल. त्याला वीणा टाक म्हणू नका, ती टाकायची नसते. त्याच्याजवळ जा, पाया पडा आणि विचारा, माझा पहारा केव्हा?

रामकृष्ण हरी.