पोटदुखी

नगरची थंडी मला फार आवडते. परंतु यंदाच्या पौषांत त्या थंडीबरोबरच आमच्या घरांत एक पोटदुखी शिरली. दहावींत असलेली माझी कन्या रोज सकाळीं शाळेची वेळ झाली कीं पोट धरून बसे. रविवारीं मात्र ती खडखडीत बरी असे. डॉक्टरांनीं तपासून ‘कांहीं नाहीं’ असा निर्वाळा दिला. तीस वर्षें विद्यार्थ्यांच्या सबबी ऐकण्यांत घालविलेल्या मला तेवढा पुरावा पुरेसा वाटला. “सोंगें पुरेत!” असें मीं म्हटलें, आणि तिनें निमूटपणें दप्तर उचललें.

त्या निमूटपणानें मला रात्रीं झोप येऊं दिली नाहीं. बी. ए. च्या परीक्षेच्या दिवशीं सकाळीं मला स्वतःला तीन वेळां ओकारी झाली होती, हें मी सोयीस्करपणें विसरलों होतों. भीति मनांत उपजते, पण तिचा मुक्काम शरीरांत असतो. छाती धडधडते, आंतडीं पिळवटतात. हें सोंग नव्हे. वाघ आणि बीजगणिताची प्रश्नपत्रिका यांतला भेद त्या क्षणीं शरीराला कळत नाहीं.

पुढच्या रविवारीं आम्ही दोघें किल्ल्याकडे फिरावयास गेलों. याच किल्ल्यांत कैदेंत असतांना १९४४ सालीं पंडित नेहरूंनीं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिला, हें नगरकर मुलांना आम्ही अभिमानानें सांगतों. परंतु १९१० सालीं केंब्रिजमध्यें त्यांना दुसऱ्या वर्गावर समाधान मानावें लागलें, हें सांगत नाहीं. मीं तें सांगितलें. ती थबकली आणि म्हणाली, “बाबा, मला दुसरा वर्ग मिळाला तर तुम्हांला चालेल?”

उत्तर द्यावयास मला जो क्षणभर विलंब लागला, त्यांतच तिच्या पोटदुखीचें निदान झालें. मग मीं खरें तेंच सांगितलें: “मला वाईट वाटेल. पण तें सोसणें माझें काम आहे, तुझें नव्हे.”

शाळा बुडवावयाची नाहीं, असें आम्ही ठरविलें. कारण टाळलेली भीति दुसऱ्या दिवशीं दामदुप्पट होऊन येते. आठ दिवस मी फाटकापर्यंत तिच्याबरोबर गेलों. जीव घाबरल्यास घटकाभर वर्गाबाहेर बसण्याची मोकळीक बाईंनीं आनंदानें दिली. अभ्यासाचे लहान तुकडे केले. रात्रीं दहाला दिवा मालवूं लागलों. अपयश आलेंच तर त्याच वर्षीं पुरवणी परीक्षेला बसतां येतें, ही सोय २०१५ पासून आहे, हेंहि तिला समजाविलें. ज्या घरीं एवढ्यानें भागत नसेल, त्यांनीं संकोच न करतां मानसतज्ज्ञाकडे जावें. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या दूरध्वनीवर तर केव्हांहि विनामूल्य बोलतां येतें. आणि “किती मिळाले?” हा माझा जुना प्रश्न मीं सोडून दिला.

पोटदुखी अगदीं गेली, असें मी म्हणणार नाहीं. परवां ती म्हणाली, “बाबा, आज दुखतंय, पण जातें.” सायंकाळीं चांचणीचा पेपर घेऊन ती परत आली, तेव्हां तो जुना प्रश्न माझ्या अगदीं ओठांवर आला होता. मीं तो गिळला. माझ्या पोटांत जरा कळ आलीच.