अर्धं माप सांगू नये



दान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी चौका येतो. गाळलेलं पाणी, निवडलेलं धान्य, शुद्ध वस्त्रं, दारात कलश घेऊन पडगाहनासाठी उभं राहणं. आहारदानाची ही तयारी आपल्या अंगवळणी पडलेली असते. औषधदानही आपण करतो, आणि अभयदानाचा अर्थ पाठशाळेतल्या लहान मुलालाही ठाऊक असतो. ज्ञानदानाचं मात्र आपण ठरावीक रूप करून ठेवलं आहे. ग्रंथ छापायला देणगी, पाठशाळेला वह्या, स्वाध्यायाच्या खोलीला चटया. तेही चांगलंच. पण ज्ञानदान घरातल्या घरात रोज घडू शकतं, आणि रोज अडवलंही जाऊ शकतं. त्याचं एक उदाहरण सध्या आमच्याच घरात आहे. आमचा धाकटा नववीत आहे आणि तो विमानं बांधण्याचा एक खेळ खेळतो.

खेळाचं नाव सिंपलप्लेन्स. जंड्रू नावाच्या कंपनीनं काढलेला, कॉम्प्युटरवर आणि मोबाइलवर चालणारा. ठोकळे, पंख, इंजिन, चाकं जोडून आपलं विमान आपणच बांधायचं आणि उडवून पाहायचं. जोडणी चुकली तर विमान उडत नाही, किंवा उडाल्या उडाल्या उलटं होतं. देशोदेशीची मुलं आपली विमानं एकमेकांना देतात, दुसऱ्यांची घेतात, आणि अडलं की विचारतात. धाकटा अशा अडलेल्यांना मदत करतो. आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात, त्यामुळे संध्याकाळ मोठी मिळते. त्यातला पाऊण तास या मदतीचा. बाजूला मी कपड्यांच्या घड्या घालत असते, त्यामुळे विमानाचं थोडंफार शास्त्र मलाही कळायला लागलं आहे.

विमानावर तीन रंगीत गोळे दाखवता येतात. लाल गोळा म्हणजे सगळ्या वजनाचा मध्य. निळा म्हणजे पंखांच्या उचलीचा मध्य. पिवळा म्हणजे इंजिनाच्या जोराचा. निळा गोळा लालच्या थोडा मागे असला की विमान सरळ चालतं. निळा पुढे गेला की नाक वर उसळतं आणि विमान कोलांटी खातं. निळा फारच मागे राहिला तर नाक जड होतं, वर वळतच नाही. मागची चाकं वजनाच्या मध्यापासून फार लांब बसवली, तर धावपट्टी संपते तरी विमान जमीन सोडत नाही. टाकीतलं इंधन जळतं तसा लाल गोळाही सरकू शकतो, म्हणून निघताना नीट असलेलं विमान अर्ध्या वाटेत बिघडतं. सगळा खेळ तोल सांभाळण्याचा.

सुरुवातीला कुणी बिघडलेलं विमान पाठवलं की धाकटा ते दहा मिनिटांत दुरुस्त करून परत पाठवायचा. समोरचा मुलगा खूश. पण पुढच्या आठवड्यात त्याच मुलाचं दुसरं विमान यायचं, बिघाड तोच. मग त्यानं स्वतःहूनच पद्धत बदलली. आता तो आधी विचारतो, "गोळे पाहिलेस का? कुठे आहेत?" मग सांगतो, "पंख थोडे मागे घे. दुसरं काही हलवू नकोस. उडव आणि काय झालं ते सांग." एका वेळी एकच बदल. यात कधी कधी तीन संध्याकाळी जातात. ज्या कामाला दहा मिनिटं लागायची त्याला तीन दिवस, पण तो मुलगा त्या बिघाडासाठी परत येत नाही.

सासूबाईंनी एकदा त्याला विचारलं, "परक्यांची विमानं उडवून तुझ्या पदरात काय पडतं रे?" तो म्हणाला, "काही नाही आजी. विमान आवडलं की लोक पसंती देतात, ती ज्याचं विमान त्याला. शिकवणाऱ्याला काही नाही." सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग चालू दे."

सासूबाई असं का म्हणाल्या, ते मला कळलं. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात ज्ञानावरण कर्म कशानं बांधलं जातं ते सांगितलं आहे. त्यातल्या तीन कारणांवर आमच्या स्वाध्यायात बराच वेळ चर्चा झाली होती. निह्नव म्हणजे माहीत असून "मला नाही बाई ठाऊक" म्हणणं, किंवा ज्याच्याकडून शिकलो त्याचं नाव लपवणं. मात्सर्य म्हणजे शिकवलं तर ही माझ्या बरोबरीला येईल, म्हणून हात आखडणं. अंतराय म्हणजे शिकणाऱ्याच्या वाटेत आडवं येणं. आपण ज्ञानावरणाचं नाव पूजेत घेतो तेव्हा ते कुठलं तरी लांबचं कर्म वाटतं. पण मैत्रिणींनो, उन्हाळ्यातले पापड आठवा. गल्लीत एखादीचे उडदाचे पापड असे फुलतात की सगळ्याजणी विचारतात. ती सगळं सांगते. पीठ कसं दळायचं, किती कुटायचं, तेलाचा हात कधी लावायचा. पापडखाराचं माप मात्र "अंदाजानं घालते गं" म्हणून सोडून देते. आपण घरी येऊन करतो, पापड लालसर पडतात, आणि आपल्याला वाटतं आपल्या हाताला गुण नाही. ते सोडलेलं माप मात्सर्याचंही असतं आणि निह्नवाचंही.

धाकट्याच्या खेळात याला उलट वळण लावणारी एक सोय आहे, ती मला फार आवडली. दुसऱ्याचं विमान घेऊन, त्यात बदल करून तुम्ही पुढे दिलंत, की ते मूळ कुणाच्या विमानावरून केलं हे सोबत दिसतं. म्हणजे गुरूचं नाव लपवायची सोयच नाही. इंधन जळताना लाल गोळा सरकतो, हे धाकट्याला फिलिपिन्समधल्या एका मोठ्या मुलानं शिकवलं. आज तो दुसऱ्याला तेच शिकवतो तेव्हा त्या मुलाचं नाव सांगून शिकवतो. यासाठी त्याला कुणी बजावलेलं नाही. तिथली रीतच तशी आहे.

आता यातला अवघड भाग. या खेळात प्रवासी विमानं आहेत तशी लढाऊही आहेत. बंदुका, बॉम्ब, क्षेपणास्त्रं, सगळं बसवता येतं. गेल्या दशलक्षण पर्वात एका मुलानं धाकट्याकडे बॉम्बफेकी विमान पाठवलं. दोन तक्रारी होत्या. विमान उजवीकडे कलतं, आणि बॉम्ब सुटतच नाहीत. त्याच आठवड्यात पाठशाळेत अनर्थदंडाचे पाच प्रकार झाले होते. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात त्यात हिंसादान येतं, म्हणजे कुऱ्हाड, तलवार, अग्नी अशी हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं. धाकट्यानं मला विचारलं, "आई, हे हिंसादान होतं का? यात मरत तर कुणीच नाही."

उत्तर सासूबाईंनी दिलं. त्यांनी त्याला यशोधर राजाची कथा सांगितली. आपल्या सगळ्यांना ती ठाऊक आहे. खरा जीव मारायचा नाही म्हणून आईच्या आग्रहानं राजानं पिठाचा कोंबडा बळी दिला. कोंबडा पिठाचाच होता, पण मारण्याचा भाव खरा होता, आणि त्यापायी मायलेकांना तिर्यंच गतीत किती जन्म फिरावं लागलं. सासूबाई म्हणाल्या, "पडद्यावरचा बॉम्ब पिठाचाच आहे बाळा. पण हात कशासाठी उचलला ते बघ." मग त्याच्यावर सोडून त्या सामायिकाला बसल्या.

धाकट्यानं त्या मुलाला लिहिलं की कलणं मी दुरुस्त करायला शिकवतो, बॉम्बचं काम मी करत नाही, आमच्या धर्मात बसत नाही. कलणं सोपं होतं, एक इंजिन मधल्या रेषेपासून थोडं जास्त बाहेर बसलं होतं. तो मुलगा मात्र चिडला. खेळच तर आहे, म्हणाला, आणि पुढे बोलणं बंद केलं. दोन महिने दोघं रोज एकमेकांची विमानं तपासत होते. धाकट्याला ते लागलं. आठवडाभर तो रोज त्याचा काही निरोप आला का बघायचा. अजून आलेला नाही.

आणि गाठ तिथेही पूर्ण सुटत नाही. तो न कलणारा पंख आता बॉम्ब घेऊनच उडणार. ज्ञान दिलं की ते पुढे कुठे जाईल, हे देणाऱ्याच्या हातात राहत नाही. याची एक खरी गोष्ट धाकट्याला एका ब्राझीलच्या मुलाकडून कळली. तो मुलगा दमोझेल नावाचं जुनं विमान बांधत होता. हे बांबूच्या सांगाड्याचं चिमुकलं विमान ब्राझीलच्या सांतोस-द्युमाँ यांनी पॅरिसमध्ये बनवलं. यात इंजिन पंखाशी वर आणि चालवणारा खाली बसतो, त्यामुळे खेळात पिवळा गोळा लालच्या वर जातो आणि जोर वाढवला की नाक खाली घुसतं. धाकट्यानं त्याला इंजिनाचं तोंड किंचित वर करायला सांगितलं आणि विमान नीट चाललं. बदल्यात त्या मुलानं सांतोस-द्युमाँ यांची हकिगत सांगितली. राइट बंधूंनी 1903 साली विमान उडवलं, मग पेटंट घेतलं आणि कोर्टात भांडले. सांतोस-द्युमाँ यांनी 1906 साली पॅरिसमध्ये सर्वांसमोर उड्डाण केलं, आणि पुढे दमोझेलची रेखाटनं कुणीही बांधावं म्हणून मोकळी केली. 1910 साली ती अमेरिकेतल्या पॉप्युलर मेकॅनिक्स मासिकात छापून आली. पुढे विमानं युद्धात बॉम्ब टाकू लागली, तेव्हा या माणसाला त्याचं फार दुःख झालं. 1932 साली ते वारले, तोवर ते दुःख त्यांच्यासोबत होतं.

आपल्या समाजालाही हा प्रश्न नवा नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद आपलेच. 1940 साली त्यांनी बेंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना उभा केला, भारतातला पहिला विमान कारखाना. बाहेर महायुद्ध पेटलेलं होतं आणि विमानांची मागणी युद्धाचीच होती. तिथे 1941 साली जोडलेलं पहिलं विमान मात्र शिकाऊ वैमानिकांना उडवायला शिकवण्याचं होतं. या दोन्ही गोष्टी एकाच कारखान्याच्या आहेत, आणि त्यातली एकच सांगितली तर तेही अर्धं माप होईल.

चातुर्मासात आर्यिका माताजींकडे मी हा विषय काढला होता. त्यांनी निकाल दिला नाही. एवढंच विचारलं, "मुलाला प्रश्न पडला ना? मग ठीक आहे." धाकट्याचा नियम सध्या असा आहे: उडायला शिकवायचं, मारायला नाही, आणि नाही म्हणताना कारण सांगून नाही म्हणायचं. "मला येत नाही" अशी खोटी सबब द्यायची नाही, कारण तो पुन्हा निह्नवच. पुढच्या वर्षी दहावी आहे, तेव्हा पाऊण तासाचा अर्धा तास होईल. पूर्ण बंद करावं असं मात्र मला वाटत नाही. शिकवणाऱ्याच्या वाटेत आईनंच आडवं येणं, याला काय नाव आहे ते वर लिहिलंच आहे.

तुमच्या घरातली मुलंही असं काही खेळत असतील. किती वेळ खेळलास हे आपण विचारतोच. कुणाला काय शिकवलंस आणि तुला कुणी शिकवलं, हेही विचारून बघा. आणि हिंसादानाची रेघ तुमच्याकडे कुठे ओढली, ते मला जरूर कळवा. आमच्याकडे यावर अजून बोलणं चालू आहे.

आणखी एक. फाल्गुन सरला की पापडांची घाई सुरू होईल. कुणी विचारलं तर पापडखाराचं माप पूर्ण सांगा, आणि ते तुम्हाला कुणी शिकवलं तिचं नावही.

जय जिनेंद्र.