सोडता येईल असं बांधणं

वेल्सच्या नैर्ऋत्य टोकाला, पेम्ब्रोकशरच्या कड्यांवर कॅरॅव्हॅन लावताना वारा कुठून येईल हे कुणाला विचारावं लागत नाही. बहुतेक दिवस तो नैर्ऋत्येकडूनच येतो. ब्रिटनच्या साऱ्या पश्चिम किनाऱ्याची हीच तऱ्हा. मी वेंगुर्ल्याचा. मृगाच्या आधी आमच्या घराला दर्याच्या अंगानं माडाच्या झावळ्यांचे झाप बांधले जायचे, तेही याच कोपऱ्यातून येणाऱ्या वाऱ्यापावसासाठी. फरक एवढाच की कोकणात हा वारा चार महिन्यांचा आणि इथं बारमाही. त्याचा खरा जोर इथल्या हिवाळ्यात.

कॅरॅव्हॅन म्हणजे मोटारीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर आणि ऑनिंग म्हणजे त्याच्या दाराला जोडायची कापडी पडवी. कॅरॅव्हॅनच्या छपराच्या कडेनं ॲल्युमिनियमची खाच फिरलेली असते. कापडाच्या काठात शिवलेली गोल दोरी त्या खाचेत ओवत न्यायची, आतून सांगाडा उभा करायचा आणि उरलेल्या बाजू मेखांनी जमिनीला धरायच्या. ओल्या चपला, खुर्च्या, सकाळचा चहा आणि पत्त्यांचा डाव एवढा सगळा संसार तिच्यात मावतो. इथल्या पावसात ऑनिंगशिवाय सुट्टी म्हणजे दिवसभर पलंगावर मांडी घालून बसणं.

पण वाऱ्याच्या हिशेबात ती एक मोठं शीड असते. समोरची भिंत 4 मीटर रुंद आणि 2 मीटर उंच धरू, म्हणजे 8 चौरस मीटर कापड. ताशी 30 किलोमीटरचा वारा त्यावर सरळ आला तर सुमारे 35 किलोंचा दाब पडतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, म्हणून ताशी 60 ला तोच 140 किलोंच्या घरात जातो. ताशी 85 च्या झोताला पावणेतीनशे किलोंच्या पुढे. एवढं वजन वितीएवढ्या काही मेखांवर सोपवून माणसं निवांत झोपतात, याचं मला अजूनही नवल वाटतं.

जागा निवडण्याचं स्वातंत्र्य कमीच असतं. कॅरॅव्हॅन क्लबच्या मैदानांवर मागचा कोपरा कुठल्या खुणेला लावायचा हे ठरलेलं, आणि आगीच्या भीतीनं दोन बिऱ्हाडांत 6 मीटर अंतर सोडायचा दंडक. तरी थोडी निवड उरते. ब्रिटिश कॅरॅव्हॅनचं दार डाव्या अंगाला, म्हणून ऑनिंगही डावीकडे. तोंड वाऱ्यात दिलं तर कॅरॅव्हॅन स्थिर राहते, पण ऑनिंगची बाजूची भिंत झोडपली जाते. कॅरॅव्हॅन आडवी लावून ऑनिंग तिच्या आडोशाला घेतली तर कापड सुखात राहतं आणि रात्रभर पलंग डुलतो. मी साधारणपणे आडोसा निवडतो. डुलण्यानं झोप जाते, कापड जात नाही.

मेख सरळ उभी ठोकू नये. तिचं डोकं ऑनिंगपासून बाहेरच्या बाजूला कललेलं हवं, म्हणजे दोरीची ओढ तिच्याशी काटकोनात येते आणि मेख जमिनीच्या जास्तीत जास्त भागाला अडून राहते. खडी घातलेल्या जागेत जाड पोलादी मेखा लागतात, वाळूत रुंद पात्यांच्या. हल्ली स्क्रूसारखे आटे असलेल्या मेखा ड्रिलनं फिरवून बसवतात. कोपऱ्याला एक ताण पुरत नाही. दोन लावायचे, एक समोरच्या भिंतीच्या रेषेत आणि एक बाजूच्या. या सगळ्यावरून स्टॉर्म स्ट्रॅप, म्हणजे रुंद पट्टे. पट्ट्याच्या टोकाला स्प्रिंग असते. झोत आला की धक्का आधी ती झेलते, मग मेखेपर्यंत पोचू देते.

खालची बाजू नवखे लोक विसरतात. कॅरॅव्हॅनच्या पोटाखालून शिरलेला वारा ऑनिंगमध्ये वर निघतो आणि छताला आतून उचलतो. म्हणून पोटाखाली लांब झालर आणि चाकावर वेगळं झाकण. शिवाय जमिनीलगतची कापडाची पट्टी आत वळवून तिच्यावर सतरंजी आणि जड सामान. वारा बाहेर असेल तर ताण त्याच्याशी भांडतात. आत शिरला की ताणांवर दुहेरी ओढ येते.

फडफड ऐकू आली की उठायचं, हा माझा नियम. एका मोठ्या झोतानं चांगलं कापड क्वचितच फाटतं. रात्रभर फडफडलं की शिवण उसवते, मेखा अडकवायची भोकं रुंदावतात, मेखा हलून हलून सैल होतात. त्यात पाऊस वेगळा त्रास देतो. आमच्याकडचा सुंभ भिजला की आखडतो, नायलॉन भिजलं की लांबतं. संध्याकाळी तारेसारखा ताठ असलेला ताण मध्यरात्री लोंबत असतो, आणि भिजलेल्या मातीत मेखेची पकडही कमी होते. इथली वादळं बहुधा पाऊस आधी आणतात. नैर्ऋत्य वाऱ्यासोबत तो तासन्‌तास पडतो, मग आभाळ एकदम उघडतं, ऊन पडतं, आणि लोक वादळ गेलं म्हणून चहा ठेवतात. नेमका त्याच वेळी वारा पश्चिमेकडे, वायव्येकडे फिरतो आणि त्याचे झोत जास्त बोचरे असतात. ज्या बाजूला आडोसा समजून ताण कमी लावले होते, तीच बाजू मग उघडी पडते.

एका उन्हाळ्यात बाबा वेंगुर्ल्याहून आले होते. मी लावलेल्या ऑनिंगभोवती त्यांनी हात मागे घेऊन एक फेरी मारली, एक ताण बोटानं वाजवून बघितला आणि म्हणाले, "बांधलंस झकास. आता सोडून दाखव."

"आत्ताच? बाबा, दोन तास लागलेत लावायला."

"तेच म्हणतोय. सोडायला किती लागतात?"

झापांची बांधणी पावसाळा संपला की सोडायची असते. सुंभ कापला तर पुढच्या वर्षी नवा आणावा लागतो, म्हणून घरात सगळे सुरगाठ मारत. ओढीला घट्ट, पण मोकळं टोक खेचलं की सुटणारी. बाबांचा प्रश्न तिथून आलेला होता. मला मात्र तो इथल्या वादळासाठी लागू पडला, कारण वाऱ्यात ऑनिंग उभी ठेवायला जेवढं कसब लागतं त्याहून जास्त ती वाऱ्यात उतरवायला लागतं. आणि उतरवणं सोपं होईल की नाही, हे लावतानाच ठरलेलं असतं.

तेव्हापासून प्रत्येक गाठीला मी तोच प्रश्न विचारतो. ताणाची दोरी सुरगाठीनं, टोक माझ्या बाजूला. पट्ट्याचं बक्कल खांद्याच्या उंचीवर, वर कुठं नाही. मेखा उपटायचा आकडा आणि मोगरी दाराच्या आत, ठरल्या खुंटीला. मेख जमिनीत पार बुडवायची नाही. आकडा अडकेल एवढं डोकं वर ठेवायचं. सांगाडाही मी याच कसोटीवर निवडला. पोलादी नळी जोराच्या झोतात वाकते आणि वाकलेली नळी दुसऱ्या नळीतून निघत नाही. फायबरग्लासची लवते, पण हद्द ओलांडली की चिरफाळते. हवा भरलेल्या नळ्यांची ऑनिंग झोतात लवते आणि झोत गेला की पुन्हा उभी राहते. तिची हवा साधारण 7 पीएसआय. थंड रात्री ती उतरते, म्हणून झोपण्याआधी पंप लावून बघायचं. पण तिचा खरा गुण झडपेत आहे. झडप उघडली की सांगाडा आपोआप बसत जातो आणि पट्टे तोवर कापड धरून ठेवतात.

कधी उतरवायची, हे वारा सुटल्यावर ठरवायचं नाही. त्या वेळी माणूस आशावादी असतो. सर फ्रान्सिस ब्यूफर्टनं 1805 च्या सुमारास आखलेली वाऱ्याची मोजपट्टी आज झाडांच्या फांद्यांवरून सांगतात: 5 ला लहान झाडं डुलतात, 6 ला मोठ्या फांद्या हलतात आणि छत्री धरवत नाही, 7 ला अख्खी झाडं हलतात. मुळात मात्र ती खलाशांसाठी होती. किती वाऱ्यात युद्धनौकेनं किती शिडं ठेवावीत, असा तिचा हिशेब. म्हणजे केव्हा काय उतरवायचं, हेच ती सांगायची. आम्हीही आमची रेघ आखली आहे. रेडिओवरच्या जहाजांसाठीच्या अंदाजात आमच्या समुद्राच्या भागाला 7 ऐकू आलं, किंवा फोनवर ताशी 60 किलोमीटरचे झोत दिसले, की उजेड असतानाच उतरवायची. सरासरी वेग बघायचा नाही, झोत बघायचा. दुसरा नियम बायकोचा. दोघांपैकी कुणीही "उतरवूया" म्हटलं की दुसऱ्यानं वाद घालायचा नाही. "अगं, अजून तासभर थांबू" हे वाक्य आमच्याकडे बंद आहे.

उतरवतानाही क्रम असतो. आधी आतलं सामान कॅरॅव्हॅनमध्ये. दारं आणि खिडक्या बंदच. एक बाजू उघडली तर आत हवा भरून सगळं वर जाऊ पाहतं. मग आडोशाच्या बाजूचे ताण सोडायचे आणि वाऱ्याकडचे सगळ्यांत शेवटी. सांगाडा बसला की कापड जमिनीवर दाबून घडी घालायची, एकानं त्यावर गुडघे टेकायचे, दुसऱ्यानं खाचेतून दोरी ओढून काढायची. यात धाडस काही नाही, पण सुटलेली ऑनिंग 6 मीटर अंतर ओलांडायला क्षणभरही घेत नाही, आणि पलीकडच्या कॅरॅव्हॅनमध्ये कुणाचं तरी पोर झोपलेलं असतं. आपलं कापड फाटलं तर आपलं नुकसान. उडालं तर ते दुसऱ्याच्या गळ्यात.

कुणी नवी ऑनिंग घेताना विचारतं, ही किती वारा सोसते? मी उलट विचारतो: पावसात, टॉर्चच्या उजेडात, एकट्याला ही किती वेळात उतरवता येते? दुकानदाराला हे सांगता आलं नाही तर तिथंच अंगणात ती लावून दाखवायला सांगा, आणि मग तुम्ही स्वतः उतरवून बघा. पैसे त्यानंतर द्या.